पायाखालचा दगड, डोक्यावरचा पाऊस : नववीच्या भूविज्ञान प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२४

यंदाचा विषय ठरला. पृथ्वीच्या मध्यापासून ढगापर्यंत एकच रेघ ओढायची आणि तिच्यावर आपलं गाव कुठं बसतं ते पाहायचं. नववीची मुलं अंतरंगाचे थर पाठ करतात, मोसमी वारेही पाठ करतात. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही येत नाही. औसा तालुक्यातल्या मुलांच्या बाबतीत मला हे फार खटकतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात ज्या दगडाच्या भिंतींखाली इथली माणसं गाडली गेली, ज्या दगडातून पाणी काढायला आठशे-आठशे फूट बोअर मारतात, ज्या दगडाची माती झाली म्हणून इथं तूर आणि सोयाबीन येतं, तो दगड जमिनीच्या पोटातून वर आलेला आहे आणि पावसाशी त्याचा जुना व्यवहार आहे. तो व्यवहार मुलांना स्वतःच्या हातानं मोजता यावा, एवढाच या प्रकल्पाचा हेतू.

सुरुवात विहिरीपासून. गेल्या वर्षी पाऊस कमी झाला, त्यामुळं शाळेमागच्या शिवारातली एका पालकांची विहीर अजून तळाला आहे. पाऊस लागला की थर पाण्याखाली जातील, म्हणून हे काम आधी उरकलं. आत कुणालाही उतरवलं नाही. काठावरून दोरीला गाठी मारून मोजमाप, आणि ढिगाऱ्यातले दगड हातात घेऊन ओळख. वर परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढी, काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेला पट्टा, मग मुरूम, मग भोकाभोकाचा मांजऱ्या, मग काळा पाषाण. त्याच्याखाली हातभर जाडीची विटकरी पट्टी, आणि तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या.

विहिरींच्या सुरुंगाच्या कामावर आयुष्य घालवलेले एक मामा मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "पाणी मांजऱ्यात आसतंय, पाषाणात न्हाई. पाषाण लागला की मालकाचं तोंड उतरतंय." मुलांना मी सांगितलं की मामांनी दोन वाक्यांत लाव्हाचा इतिहास सांगितला. लाव्हा पसरला की त्यातला वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि वरचा थर गोठताना भोकं तशीच राहतात; तो मांजऱ्या. मधला भाग सावकाश निवतो, घट्ट होतो, तो पाषाण. त्याच्यात पाणी शिरलंच तर भेगांमधून. मांजऱ्याच्या काही भोकांत नंतर पांढरी खनिजं भरली. मुलं त्यांना गारगोट्या म्हणतात, त्यातली पुष्कळ झिओलाइटं आहेत. आणि विटकरी पट्टी म्हणजे मधला काळ. एक लाव्हा थांबला, वरचा दगड ऊन-पावसात कुजला, तांबडा झाला, आणि मग त्याच्यावर पुढचा लाव्हा आला. म्हणजे एकाच विहिरीत आम्हाला दोन लाव्हा आणि त्यांच्यामधली विश्रांती सापडली.

२६ जून

कंपाउंडच्या भिंतीवर रेघ ओढली. प्रमाण: एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, म्हणून रेघ ६ मीटर ३७ सेंटिमीटर. भिंतीची उंची पुरत नाही, म्हणून रेघ आडवी घेतली. डाव्या टोकाला केंद्र. तिथून १२२ सेंटिमीटरपर्यंत घन आंतरगाभा, ३४८ पर्यंत द्रव बाह्यगाभा. दोन्ही मुख्यतः लोखंडाचे, थोडं निकेल. त्याच्यापुढं जवळजवळ उजव्या टोकापर्यंत प्रावरण. कवचाला शेवटचे चार सेंटिमीटर मिळाले.

मुलांना सगळ्यात जास्त धक्का या शेवटच्या चार सेंटिमीटरांनी दिला. माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२ किलोमीटर २६२ मीटर. भिंतीवर ते सव्वा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. किल्लारीला भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं जे बोअर घेतलं ते ६१७ मीटरचं. त्यात बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा आपला काळा दगड, संपला ३३८ मीटरवर. आमच्या प्रमाणात ही जाडी एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. खडूची रेघ त्याहून जाड येते. म्हणून आम्ही बेसाल्ट काढलाच नाही, नुसता बाण दाखवून लिहिलं: "आपला काळा दगड इथं."

मग एका मुलीनं विचारलं, "सर, ढग कुठं काढायचे?" आपल्या अक्षांशावर ढग-पाऊस होतात तो हवेचा थर साधारण सोळा किलोमीटर उंच आहे. उजव्या टोकाच्या पुढं दीड सेंटिमीटर मोजून निळ्या खडूनं भरलं. मोसमी पाऊस, गारपीट, दुष्काळ, सगळं त्या दीड सेंटिमीटरात. मुलं बराच वेळ तिथंच उभी होती.

"कुणी बघितलं नाही तर कळलं कसं?" हा प्रश्न येणारच होता. उत्तर: भूकंपाच्या लाटांवरून. आणि त्याची सुरुवात भारतात झाली, हे मी आवर्जून सांगतो. रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसाम भूकंपाचा त्यांनी अभ्यास केला, दूरच्या यंत्रांवरच्या नोंदींत प्राथमिक आणि दुय्यम लाटा वेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे असं दाखवून दिलं. १९०९ मध्ये क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांना कवचाची खालची सीमा सापडली. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचं मांडलं.

मैदानावर मुलांची रांग करून लाटा करून पाहिल्या. मागून हलका धक्का दिला की तो खांद्याखांद्यानं पुढं जातो, ती प्राथमिक. हात धरून कडेला हेलकावा दिला की तो हातांतून पुढं जातो; ती दुय्यम. हात सोडायला लावले तर हेलकावा तिथंच मरतो, पण मागचा धक्का पुढच्याला लागतोच. द्रवात कण एकमेकांना धरून नसतात, म्हणून दुय्यम लाट बाह्यगाभ्यातून जात नाही. तो द्रव आहे हे असंच कळलं.

१० जुलै

आज सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला, तीव्रता ४.५. नांदेडला मामाकडं असलेल्या एका मुलाच्या बहिणीचा फोन आला होता, भांडी वाजली म्हणून. वर्गात दुसरं काही शिकवणं शक्यच नव्हतं आणि शिकवूही नये.

केंद्र आमच्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. कवचात प्राथमिक लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, दुय्यम साडेतीन. म्हणजे पहिली लाट २५ सेकंदांत गावाखालून गेली, दुसरी ४३ व्या सेकंदाला. मधला फरक १८ सेकंद. यंत्रावर हा फरक मोजता आला की उलट हिशेबानं अंतर निघतं, आणि तीन ठिकाणांहून तीन अंतरं मिळाली की नकाशावर तीन वर्तुळं काढून केंद्र सापडतं. परभणी, लातूर आणि नांदेड धरून मुलांनी कंपासनं हे करून पाहिलं. परभणीचं वर्तुळ कागदाबाहेर जात होतं, मोठा कागद चिकटवला.

किल्लारीचा भूकंप ६.२ चा. आकडे ऐकून मुलांना वाटतं दीडपट मोठा. प्रत्यक्षात तीव्रतेची एक पायरी चढली की बाहेर पडणारी ऊर्जा जवळजवळ ३२ पट होते, १.७ पायऱ्यांना साडेतीनशे पट. फळ्यावर हा गुणाकार मी केला नाही. एका मुलानं केला आणि तो खाली बसेपर्यंत वर्गात आवाज नव्हता.

१३ जुलै

किल्लारीबद्दल घरी विचारून या, असं सांगितलं होतं. बहुतेकांच्या आईवडिलांना अर्धवट आठवतं, आजी-आजोबांना सगळं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. एक आजी नातीबरोबर शाळेत आल्या. त्यांनी एवढंच सांगितलं की आवाज आधी आला, आणि माळवद खाली आलं.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. त्या शब्दावर मी मुलांना थांबवलं, कारण विज्ञान तिथंच आहे. ऊन अडवायला छतावर दरवर्षी माती चढायची, भिंती दोन-तीन फूट रुंद, ओबडधोबड दगड मातीत बसवलेले. उन्हाळ्यात अशी घरं थंडगार. पण हादरा आडवा बसला की आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना सोडतात. त्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं जावीत असं नव्हतं. केंद्र उथळ होतं, वेळ झोपेची होती आणि भिंतींना बांध नव्हता.

"आपण हिमालयात राहत नाही, मग इथं कसा?" भारताचा भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतो. समोर आशिया आहे. तो रेटा हिमालयावरच थांबत नाही, पट्टाच्या आतल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. किल्लारीच्या बेसाल्टखाली अतिप्राचीन खडक आहे आणि त्यातल्या भेगा लाव्हानं झाकल्यामुळं वरून दिसत नाहीत. आधीच्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, तिथं लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. त्या वेळच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टाच रद्द झाला आणि आपला भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात आला. नकाशा हे त्या काळापर्यंतचं ज्ञान असतं, हे मुलांनी वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं नव्हतं.

३१ जुलै

औशाला आज सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर. सावली नाहीशी होते ते पाहायला मैदानात काठी उभी केली. ढग हटले नाहीत. मेच्या मध्यालाही असा दिवस येतो आणि तेव्हा आभाळ मोकळं असतं, पण शाळेला सुट्टी. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला नसता तर हा दिवस आलाच नसता, ऋतूही नसते, आणि जमीन तापून समुद्रावरची हवा आत ओढली गेली नसती. मे महिन्याची नोंद आता सुट्टीतच घ्यायची ठरलं, चौघांनी जबाबदारी घेतली.

१६ ऑगस्ट

आजची नोंद मोठी होणार, कारण प्रकल्पाचा गाभा आज हाती आला असं मला वाटतं.

मुलांना महाराष्ट्राचा पश्चिम-पूर्व छेद काढायला दिला: रत्नागिरीच्या बाजूनं समुद्र, कोकण, सह्याद्री, मग पठार, बालाघाट, आपण. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला थडकतो, वर चढतो, थंड होतो, पाणी सोडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त. डोंगर ओलांडून खाली उतरताना हवा पुन्हा तापते, तिच्यातली बाष्प धरायची ताकद वाढते, ढग विरतात. लातूर जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी सातशे ते आठशे. आपण पर्जन्यछायेत आहोत, हे पुस्तकातही आहे.

पुढचं पुस्तकात नाही. तो सह्याद्री कशाचा आहे? त्याच लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारत हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त ठिकाणावरून जात असताना प्रावरणातून हा लाव्हा वर आला. बहुतेक सगळा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. आजही त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला थर जाड: कोयनेजवळच्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट १२४७ मीटर भरला. पूर्वेला पातळ होत जातो: किल्लारीला ३३८. नंतर पश्चिमेकडचा भूभाग तुटून सेशेल्स बेटांचा भाग दूर गेला आणि तुटक्या काठाचा कडा उंच राहिला. तो कडा म्हणजे सह्याद्री. पठार पूर्वेकडं कललं, म्हणून त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरी जवळच्या अरबी समुद्राकडं न जाता पैठण-नांदेड करत बंगालच्या उपसागराला जाते, आणि पाटोद्याच्या डोंगरातली मांजराही त्याच वाटेनं.

म्हणजे एकाच लाव्हानं आपल्याशी तीन गोष्टी केल्या. समोर डोंगर होऊन पाऊस अडवला. खाली पाषाण होऊन पडलेलं पाणी आत मुरू दिलं नाही. शंभर घनमीटर बेसाल्टमधून दोन-तीन घनमीटर पाणी सुटलं तरी पुष्कळ. आणि वर कुजून काळी माती झाला, जी आलेलं पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते. रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते ती त्यामुळंच. मुलांनी हे तीन बाण छेदावर काढले. दुष्काळ हा फक्त आभाळाचा विषय आहे असं मला इथून पुढं कुणाला शिकवता येणार नाही.

२ सप्टेंबर

पोळा. काल आणि आज मराठवाडाभर झोडपून पाऊस. पर्जन्यमापकाची बाटली रोज सकाळी साडेआठला वाचायची हा आमचा नियम, वेधशाळेचा दिवसही तेव्हाच बदलतो. सुट्टी असूनही दोन मुली छत्री घेऊन आल्या. खूण पन्नासच्या वर होती. बैलांचा सण आणि बैल गोठ्यातच, एक आजोबा म्हणाले, "अजून येऊलालाय बघा, थांबना."

हा पाऊस अरबी समुद्राचा नव्हता. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं, आंध्रात विजयवाड्याला बुडवून तेलंगणातून आपल्याकडं आलं. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या मराठवाड्याला मोठा पाऊस पुष्कळदा असा मागच्या दारानं मिळतो.

आकडेमोड: एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. हेक्टरवर दहा हजार लिटर. पन्नास मिलिमीटर म्हणजे हेक्टरला पाच लाख लिटर. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात दहा वाघिणींत मिळून एवढंच पाणी होतं. मुलांनी ही गाडी लहानपणी टीव्हीवर पाहिलेली. अडीच एकरांवर आज एका दिवसात ती गाडी पडली आणि बहुतेक वाहून गेली.

१९ सप्टेंबर

विहिरीतल्या चुनखडीच्या खड्यांवर लिंबू पिळलं. फसफसलं. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो दगडात गेला कसा हा आजचा पाठ.

पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आंबट होतं. ते बेसाल्ट कुजवतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतं, कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. म्हणूनच बोअरचं पाणी जड आणि हंड्याला पांढरा थर. पाणी आटलं की चुनखडी बसते, त्यात घेतलेल्या कार्बनपैकी निम्मा परत सुटतो, निम्मा दगडात राहतो. बेसाल्ट हा या कामात ग्रॅनाइटपेक्षा जलद. लाव्हा येताना त्यानं हवेत कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू सोडले होते. नंतर तोच दगड कुजत कुजत हवेतला कार्बन उचलत आला. लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीचं तापमान हाताबाहेर न जाण्यामागं हे काम आहे.

३० सप्टेंबर

परिपाठानंतर दोन मिनिटं शांत उभं राहिलो. मग प्रत्येकानं घरच्या भिंतीची पाहणी लिहून दिली: आडवा बांध आहे का, कोपरे बांधलेत का, छतावर जुनी माती आहे का. जुन्या माळवदाची घरं अजून आहेत. यादी ग्रामपंचायतीला देणार.

१४ ऑक्टोबर

"दगडच कार्बन खातो, मग काळजी कशाला?" हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता आणि फार आवडला. उत्तर वेगाच्या हिशेबात आहे. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून याच्या शंभराव्या भागाइतकाही सोडत नाहीत. दगडाचं कुजणं त्यांच्याच चालीचं आहे. हवाईच्या मौना लोआवर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग हा वायू होता. आता ४२० च्या पुढं. हा वायू अजिबात नसावा असंही नाही. हवेतले उष्णता धरणारे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे अठरा अंश असतं. आज ते पंधराच्या आसपास आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ: हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. पाऊस पडायचा तेव्हा एकदम पडतो, मधला खंड कडक जातो. काळ्या मातीला भेगा पडतात आणि पाषाणावरून पाणी निघून जातं. म्हणून नुसती वर्षाची बेरीज पुरेशी नाही. आमच्या वहीत तीन रकाने वाढवले: एका दिवसातला सगळ्यात मोठा पाऊस, पावसाविना सलग गेलेले दिवस, आणि दर सोमवारी दोरीनं मोजलेली विहिरीची पातळी. आठवीच्या दोघांना सोबत घेतलंय. बाटली सिमेंटच्या ओट्यावर बसवायची आहे, आणि झाडापासून लांब.